पाणबुडीच्या डायरीतली तिथी

पातालपाणी-काळाकुंडच्या गाडीबद्दल तुम्ही सारखं विचारता, म्हणून त्या घाटातला माझा पहिला प्रवास सांगते. तेव्हा मध्य भारत राज्य होतं, मी चौदा वर्षांची. बाबा बोटीवर तारयंत्र सांभाळायचे. महायुद्धात जर्मन पाणबुडीनं ती बोट बुडवली, एवढंच इंदूरला कळलं; कधी, ते नाही. बारा वर्षं आई कुंकू लावत राहिली. मग भटजी म्हणाले, दर्भाचा पुतळा करून क्रिया उरका, अमावस्या धरा. आई हटून बसली. तिथी हवी आणि खरीच हवी. बोटीच्या कंपनीला पत्रं लिहून लिहून तिनं त्यांना भंडावलं, तेव्हा कुठे "मुंबईला या" असं उत्तर आलं.

टांगेवाल्यानं विचारलं, "बाईजी, समंदर देखने जा रहे?"

"नहीं भिया, तारीख देखने."

महूनंतर घाट. खिडकी सोडू नका. काळाकुंडला पानाच्या द्रोणात कलाकंद मिळतो, तो घ्याच. आईनं मला दिला, स्वतः चाखलासुद्धा नाही. तो बाबांच्या आवडीचा. तेव्हा खंडव्याला गाडी बदलून मुंबईला जात. आता घाटात फक्त पर्यटकांची गाडी धावते, तिकीट आधीच काढा.

पाणबुडीची डायरी युद्धानंतर इंग्रजांच्या हाती लागली होती; मुंबईला कंपनीतल्या एका म्हाताऱ्या कारकुनांनी तिच्यातली नोंद विलायतेहून उतरवून मागवली होती. त्यांनी तारीख वाचली, मग वेळ, "पहाटे साडेतीन."

आईनं पिशवीतून त्या सालचं पंचांग काढलं. "घड्याळ जर्मनांचं की आपलं, साहेबजी?"

त्यांनी कागद पुन्हा पाहिला. "त्यांचं. आपल्याकडे सात वाजले असतील."

"मग तृतीया तर खतम झाली होती. चैत्र वद्य चतुर्थी." तिचं बोट त्या ओळीवरून हलेना. रडले ती मी.

"हे लिहिणारा आता कुठे असतो?" तिनं विचारलं.

"ही डायरी जमा करून पुढच्या फेरीला गेली, ती पाणबुडी परतलीच नाही. कुठे बुडाली, कधी, कुणाला ठाऊक नाही."

परतताना घाटात मी म्हटलं, "बरं झालं!"

"असं नको बोलू. त्यानं लिहून ठेवलं, म्हणून तर आपल्याला पता चला."

चतुर्थीला क्रिया झाली, आईनं कुंकू पुसलं. त्या वर्षी सर्वपित्रीला तिनं एक पान जास्त वाढलं. भटजींनी नाव विचारलं.

"नाव नाही मालूम. तिथी पण नाही."

आता सुदामा नगरातल्या माझ्या घरी ते पान मी वाढते. राग अजून पुरता गेलेला नाही. पण वाढताना हात आखडता घेत नाही.