चकत्यांवरचा डाग

चहाचा कप पुढे आला की आमचे सर आधी त्याला नखाने टिचकी मारत. टण्ण वाजला तर ओठाला लावत, बद्द वाजला तर परत.

"ह्यो चिरलाय, दुसरा दे."

"कुठं चिरलाय? दिसत तर न्हाई," टपरीवाला कुरकुरे.

"वरनं काय कळत न्हाई, बाबा."

बाजारात माठ आपण सगळेच वाजवून घेतो. हे गृहस्थ कप, फरशी, फळ्याजवळचा खडूसुद्धा वाजवून बघत. अशी विक्षिप्त माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. पण त्या टिचकीवर सगळा जन्म लावलेला माणूस मी हा एकच पाहिला.

शिरूरच्या कॉलेजात मी भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई. सर मांडवगण फराट्याचे, तासांवर शिकवायला येत. वर्गात पुस्तकी बोलत, माझ्याशी गावाकडचं. वय चाळिशीला टेकलेलं. पीएचडी झाली तरच कायम नोकरीची आशा होती, आणि त्या नोंदणीची मुदत एकदा वाढवून झाली होती. पुन्हा वाढणार नव्हती.

एकदा मी विचारलं, "सर, तुमचं संशोधन म्हणजे नेमकं काय हो?"

"अणुभट्टीचा कचरा हजारो वर्षं कशात तरी ठिवायचा, व्हय ना मामा? चिनी मातीच्या जातीचा एक टणक पदार्थ हाय, त्यात कोंडायचा. पण त्यो कचरा आतनं सारखा मारा करतोय. तवा पदार्थ किती दिस टिकंल, ते बघायचं."

"मग हजार वर्षं बसणार का बघत?"

"न्हाई ओ. दिल्लीला एक मशीन हाय. त्यात आयन, म्हंजी भार असलेलं अणू, लई वेगानं मारायचं. हजार वर्षांची नासाडी एका दुपारी."

पांढरी भुकटी साच्यात दाबून, भट्टीत भाजून ते रुपयापेक्षा लहान चकत्या करत. त्या घासून आरशासारख्या गुळगुळीत कराव्या लागत. बारीक पॉलिश पेपर, थोडं पाणी, आणि आठाचा आकडा काढत घासायचं. हे काम त्यांनीच मला शिकवलं. "मामा, तुमचा हात आमच्यापेक्षा बरा हाय," असं एकदा म्हणाले. ते मी घरी चार दिवस सांगत होतो.

दिल्लीच्या मशीनवर नंबर लागायला तीन वर्षं गेली. लागला तेव्हा मीच त्यांना मोटारसायकलवरून दौंड स्टेशनला सोडलं. कापसात गुंडाळलेल्या चकत्यांची डबी शर्टाच्या खिशात होती आणि वाटभर त्यांचा एक हात त्या खिशावर. गाडी हलली तशी खिडकीतून डबी उंच करून दाखवली. इतका खूश माणूस मी त्या फलाटावर तरी पाहिलेला नाही.

परत आले ते खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. डबी टेबलाच्या खणात ठेवली, दसरा झाला की पुण्याला तपासायला नेतो म्हणाले, आणि सणाला गावी गेले.

खंडेनवमीला शेतकरी अवजारं पुजतो, तशी आम्ही प्रयोगशाळेतली उपकरणं पुजतो. सगळं पुसून लखलखीत करायचं काम माझं. तराजू झाला, भिंगं झाली, मग खण उघडला. चकत्या एका अंगाने काळपट झाल्या होत्या. म्हटलं, प्रवासात मळल्या बिचाऱ्या. सरांचं काम असं डागाळलेलं पूजेला ठेवायचं? तासभर बसलो, आठाचा आकडा काढत. दूधपांढऱ्या झाल्या. हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. इतक्या मायेने मी दुसरं कुठलंच काम केलेलं नाही.

दसऱ्यानंतर सरांनी डबी उघडली.

"मामा, हे कुणी घासलं?"

"मीच की. डाग पडले होते. बघा कशा निघाल्यात!"

ते स्टुलावर बसले. एकेक चकती टेबलावर ठेवून टिचकी मारत गेले. सगळ्या टण्ण वाजल्या.

"तुम्ही घासलेला डाग म्हंजीच त्यो मारा, मामा," ते हळूच म्हणाले. "केसाच्या जाडीइतकासुदिक खोल जात न्हाई त्यो. आता ह्यांना काय झालंच न्हाई."

मी पाय धरायला वाकलो, तर मला उठवून म्हणाले, "तुम्हाला सांगायचं मीच इसरलो." त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दिल्लीला पुन्हा अर्ज केला, पण नंबर यायच्या आत मुदत संपली. पुढच्या वर्षी त्यांचे तासही दुसऱ्याला गेले. निरोपसमारंभ वगैरे काही झाला नाही, तासावरच्या माणसाला तो नसतो.

परवा कामानिमित्त दौंडला गेलो होतो. सर तिथं एका खाजगी क्लासमध्ये दहावीला विज्ञान शिकवतात, असं कळलं होतं. भेटले. केस पांढरे झालेत. स्टेशनसमोर चहाला घेऊन गेले. मी संशोधनाचं विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

चहा आला. मी वाट पाहत होतो. त्यांनी कप सरळ उचलला. मला राहवलं नाही, हात पुढे करून मीच त्याला नखाने टिचकी मारली. बद्द वाजला.

"सर, चिरलाय हो."

"चालतंय, मामा," ते म्हणाले, आणि कप ओठाला लावला.