जयसिंग रोकडेंना न मिळालेल्या भूमिका

जयसिंग रोकडे पडद्यावर आले की विजयश्रीताईंचा हात थांबायचा. मग तव्यावरची पोळी करपली तरी चालेल. टीव्हीवरच्या एका मालिकेत रोकडे म्हणजे बंगल्याच्या फाटकावरचे रामभाऊ. फाटक उघडायचं, "साहेब, गाडी आली" म्हणायचं, आणि कॅमेरा साहेबांकडे वळला की त्यांचं काम संपलं. जेमतेम दहा सेकंद. पण त्या दहा सेकंदांत ताईंना जे दिसायचं ते आम्हाला कुणाला दिसत नसे.

"बघितलंस का प्राजक्ता, फाटक उघडायच्या आधी त्यांनी खालून पाय लावला," त्या मला मोबाईलवर तोच तुकडा पुन्हा दाखवायच्या. "लोखंडी फाटक खाली टेकतं, नुसतं ढकलून निघत नाही. हे त्यांना कुणी सांगितलं नसणार. सेटवरच्या फाटकाला वजन असतं होय?"

विजयश्री ओव्हाळ माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठ्या. संत तुकाराम नगरमध्ये त्या आणि त्यांच्या आई भिमाबाई, दोघीच राहतात. लग्न केलं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही. चाकणला आमच्या कंपनीत गाड्यांच्या वायरी जोडून त्यांचे गठ्ठे बनवतात, तिथे आम्ही दोघी तपासणीला आहोत. दीडशे वायरींतली एखादी चुकीच्या भोकात गेली असेल तर ती शोधायची. मशीन दाखवतंच, पण ताई मशीनच्या आधी बोट ठेवतात. कंपनीची बस पिंपरीहून येते, मी मोशीला चढते, आणि माझी जागा ताईंनी पिशवी ठेवून धरलेली असते.

मोशी ते चाकण हे अंतर कितीसं? पण ट्रॅफिक लागलं की तास जातो. त्या तासात आमचा खेळ चालायचा. मी विचारायचे, "आज कोण?" आणि ताई रोकडेंना एखादी भूमिका देऊन टाकायच्या.

"आज न्यायाधीश. पण शिक्षा सुनावताना आवाज चढवणारा नाही. उलट इतका खाली आणणारा की आरोपीलाच पुढे वाकून ऐकावं लागेल."

दुसऱ्या दिवशी पोहायला शिकवणारा मास्तर, ज्याला स्वतःला विहिरीची भीती वाटते. कधी चंद्रावर यान पाठवणारा शास्त्रज्ञ. "यान सुटायच्या दिवशी हा डबा उघडून वांग्याची भाजी खातो. बाकी सगळे घामाघूम, आणि हा देठ चोखतोय." बसमधल्या बायका खो खो हसायच्या. मग त्याही मागायला लागल्या. करिष्माने तर एकदा, त्यांना प्रेमाचा सीन द्या, म्हणून हट्ट धरला. ताईंनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "द्यायला काय झालं? पण बायको साठीची पाहिजे. वीस वर्षांची दिली तर मी बघणार नाही."

पुढे ताईंनी फेसबुकवर पान काढलं. दर रविवारी एक भूमिका लिहून टाकायची. नावही साधंच, 'जयसिंग रोकडेंना न मिळालेल्या भूमिका'. वाचणारे तीन-चारशे. काही जण चेष्टाही करायचे. ताई कुणाला उत्तर देत नसत. पुढच्या रविवारी पुढची भूमिका.

भिमाबाईंना हे सगळं माहीत होतं. मी एकदा घरी गेले होते तेव्हा टीव्हीकडे बघत त्या म्हणाल्या, "आपल्या माणसाला दारावरच उभं करत्यात गं. आत बसलेला साहेब कधी करत न्हाईत." ताईंनी टीव्ही बंद केला.

मग एके दिवशी मालिकेतले रामभाऊ गायब झाले. फाटकावर दुसराच तरुण उभा. मालकीणबाई एवढंच म्हणाल्या, "रामभाऊ गावी गेले." दोन वर्षं रोज फाटक उघडणाऱ्या माणसाचा शेवट तीन शब्दांत झाला. ताईंनी वाहिनीला पत्र लिहिलं. उत्तर नाही. पुन्हा लिहिलं. मग जेवणाच्या सुट्टीत माझ्यासमोर त्यांनी फोन लावला. पलीकडच्या मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि गोड आवाजात विचारलं, "कोण रामभाऊ?"

ताईंनी फोन खाली ठेवला. डब्यातली भाजी तशीच राहिली.

"कुणी देत नाही ना त्यांना भूमिका?" त्या म्हणाल्या. "मी देते."

मला वाटलं रागात बोलतायत. पण दुसऱ्या दिवशी बसमध्ये त्यांच्या मांडीवर दोनशे पानी वही होती.

काय लिहायचं ते त्यांचं ठरलेलं होतं. त्यांचे वडील पिंपरीतल्या एका फाउंड्रीत मोल्डर होते. वितळलेलं लोखंड ज्यात ओततात ते वाळूचे साचे बनवायचं काम. एकतीस वर्षं केलं. त्यांच्या हाताखाली शिकलेली पोरं त्यांचेच साहेब झाली. निवृत्तीच्या दिवशी कार्यक्रम झाला, साहेब लोक दीड तास बोलले आणि शेवटी वडिलांना म्हणाले, "ओव्हाळ, तुम्हीपण दोन शब्द बोला." वडील उठले, "सगळ्यांचे आभार" म्हणाले आणि खाली बसले. घरी आल्यावर मात्र शाल-श्रीफळ मांडीवर तसंच ठेवून भिमाबाईंशी बोलत राहिले. जे तिथे बोलायचं होतं ते सगळं.

ताईंच्या नाटकातला मोल्डर खाली बसत नाही. तो माईकसमोरच बोलत राहतो. चाळीस मिनिटं. रंगमंचावर एकच माणूस.

आठ महिने लिहिणं चाललं. भिमाबाईंना विचार, वडिलांच्या जुन्या सोबत्यांना भेट, वाळू किती ओली लागते ते विचार, पुन्हा खोड. माझ्याकडे टाइप करायचं काम होतं. तीन वेळा सगळं नव्याने केलं. सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, या वयात काय नाटक-बिटक?" ताई म्हणाल्या, "माझ्या लाइनवरून चुकीचा माल गेलाय का? मग वहीचं मी बघते."

नाटक झालं, आता रोकडे कुठे शोधायचे? मुंबईला फोन करून काही हाती लागेना. शेवटी पिंपरीच्या नाट्यगृहात प्रकाशयोजना करणाऱ्या एका म्हाताऱ्याने सांगितलं, "जयसिंग? अहो तो दिघीला असतो, पोरीकडे. शूटिंगपुरता जायचा मुंबईला." मी ऐकतच राहिले. आमच्या मोशीपासून दिघी कितीशी लांब!

रविवारी सकाळी मी स्कूटर काढली. निघताना माझ्या सासूबाई, शालनबाई, म्हणाल्या, "टीव्हीतला माणूस घरात तसाच दिसतो का, बघून ये बरं का. आमी कवा बघितला न्हाई."

तसे नव्हते ते. बारीक झालेले, कानाला मफलर. त्यांच्या मुलीने, मैत्रीने, दार उघडलं. जयभीम झालं, पाणी आलं. ताईंचं नाव ऐकून ती म्हणाली, "म्हणजे त्या पानावर लिहिता त्या तुम्ही? बाबांना मी वाचून दाखवते."

ताईंचा चेहरा उजळला. त्यांनी वही पुढे केली, सगळं सांगितलं. रोकडेंनी पहिलं पान उघडलं, दुसरं उघडलं, किती पानं आहेत ते अंगठ्याने चाळून पाहिलं आणि वही परत दिली.

"बाई, तुम्ही फार मनापासून लिहिता. पण तुमचा एक गैरसमज आहे. मला कुणी मोठी भूमिका दिली नाही असं नाही. मी घेत नाही."

"म्हणजे?"

"पंचवीस वर्षांपूर्वी दिली होती. मोठं नाटक, मुख्य काम. तिसऱ्या अंकात सगळं पुसलं गेलं. एक शब्द आठवेना. पडदा पाडावा लागला." त्यांनी मफलर सारखा केला. "त्यानंतर मी एका वाक्याची कामं मागून घेतो. एक वाक्य विसरत नाही माणूस."

"आणि मालिका?" मी मध्येच विचारलं.

"तब्येत बिघडली म्हणून मीच सोडली. त्यांचा काही दोष नाही."

परतताना ताई माझ्या मागे वही पोटाशी धरून बसल्या होत्या. त्यांनी इतके दिवस ज्या अन्यायाबद्दल जीव तोडून लिहिलं तो निम्माच खरा निघाला होता. आता वही कपाटात जाणार असं मी धरून चालले.

सोमवारी बसमध्ये त्या म्हणाल्या, "रविवारी पुन्हा जाऊ."

"ताई, ते नाही म्हणालेत."

"करायला नाही म्हणालेत. ऐकायला नाही म्हणाले नाहीत."

त्या रविवारी ताईंनी वही उघडली आणि म्हणाल्या, "सर, तुम्ही करू नका. मी नवखी आहे, चुकतंय कुठे तेवढं सांगा. एकच पान वाचते." रोकडेंना नाही म्हणता येईना. ताईंनी एक पान वाचलं, चहा घेतला आणि उठल्या. पुढच्या रविवारी दुसरं पान. तिसऱ्या की चौथ्या रविवारी रोकडे म्हणाले, "हे वाक्य कागदावर बरं दिसतं, तोंडात बसत नाही." ताई म्हणाल्या, "मग कसं बसेल?" त्यांनी बसल्या जागी म्हणून दाखवलं. ताईंनी तसंच लिहून घेतलं.

असं एकेक पान त्यांच्या तोंडून गेलं. दुरुस्त करायला म्हणून म्हणायचे, मग नीट जमलं का बघायला पुन्हा म्हणायचे. पावसाळा गेला, दिवाळी गेली. एका रविवारी आम्ही पोहोचलो तर ते घरात नव्हते. मैत्री हसत होती. "रोज सकाळी लष्कराच्या भिंतीच्या कडेने फिरायला जातात आणि मोठ्याने बोलतात. परवा पहारेकऱ्याने हटकलं त्यांना."

ते आले, घाम पुसला आणि ताईंसमोर बसले.

"नाट्यगृहात करणार नाही," ते म्हणाले. "तिकीट लावायचं नाही. आणि तुम्ही पहिल्या रांगेत वही उघडून बसायचं. अडलो तर सांगायचं."

"बसेन."

"मी पुन्हा कोसळलो तर?"

ताई म्हणाल्या, "तर पुढच्या रविवारी पुन्हा पहिल्या पानापासून."

फेब्रुवारीतल्या एका रविवारी, सकाळी अकराला, संत तुकाराम नगरजवळच्या एका विहाराच्या हॉलमध्ये प्रयोग झाला. नव्वद-एक माणसं असतील. आमच्या बसमधल्या बायका, वस्तीतली मंडळी, फाउंड्रीतून निवृत्त झालेले पाच-सहा म्हातारे. मांडणी म्हणजे एक टेबल, माईक आणि रिकाम्या खुर्च्या. रोकडे आले. अंगावर इस्त्रीचा पांढरा शर्ट, खांद्यावर शाल. माईक जरा खाली केला आणि बोलायला लागले.

पहिली वीस मिनिटं कशी गेली कळलं नाही. मग ते थांबले. नाटकातलं थांबणं नव्हतं ते, मला लगेच कळलं, कारण टाइप मी केलं होतं. त्यांची नजर समोरच्या भिंतीवर खिळली. एक हात शालीवर गेला. मैत्रीने डोळे मिटून घेतले. ताईंचं बोट वहीतल्या ओळीवर होतं. त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात रोकडेंनी तळहात किंचित वर केला. थांबा.

मग त्यांनी शाल खांद्यावरून काढली, तिची घडी घातली, टेबलावर ठेवली, आणि बोलले. जे बोलले ते तीन पानं पुढचं होतं. ताई भराभरा पानं उलटायला लागल्या. थोड्या वेळाने, जणू आत्ताच आठवलं अशा थाटात, "मघाशी एक सांगायचं राहिलं बघा," असं म्हणून ते मागच्या मजकुराकडे वळले आणि सुटलेली तिन्ही पानं एकेक करून घेतली. एक ओळ सोडली नाही. आम्हा चौघांशिवाय कुणाच्या लक्षातही आलं नाही.

शेवटी टाळ्या झाल्या. भिमाबाई पुढच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी लेकीला जवळ ओढलं आणि म्हणाल्या, "त्यो घरी येऊन हेच समदं बोलला व्हता. पण मला एकटीला."

त्यानंतर चौदा प्रयोग झाले. कामगार वसाहतीत झाले, भोसरीच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये झाला, मारुंजीला आयटीवाल्यांच्या सोसायटीतही झाला. तिथली मुलं सुरुवातीला मोबाईल बघत होती, नंतर नव्हती. आणखी दोनदा रोकडे अडले. दोन्ही वेळा स्वतःच त्यातून बाहेर आले. ताई वही घेऊन बसायच्याच, पण सहाव्या प्रयोगानंतर त्यांनी ती उघडली नाही.

पेपरात फार काही आलं नाही. कुठल्या मोठ्या दिग्दर्शकाचा फोनही आला नाही. एका मालिकेतून हवालदाराचं काम आलं होतं, ते त्यांनी घेतलं, पण म्हणाले, "रविवार सोडून तारखा द्या."

भोसरीच्या प्रयोगाचं मात्र सांगायला हवं. संपल्यावर एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत पुढे आले. त्यांना मालिका-बिलिका काही ठाऊक नसावं. त्यांनी रोकडेंचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, तळवा उलटा करून पाहिला आणि विचारलं, "भाऊ, तुम्ही कुठल्या फाउंड्रीला होता?"

रोकडेंनी एकदा ताईंकडे बघितलं.

"पिंपरीला," ते म्हणाले. "एकतीस वर्षं."

म्हाताऱ्यांनी मान डोलावली, जवळची खुर्ची ओढली आणि आपल्या साच्यांबद्दल सांगायला सुरुवात केली. रोकडे त्यांच्यासमोर बसले आणि ऐकू लागले. कँटीनवाले टेबलं लावायला आले तरी दोघं उठले नाहीत.