खिशातला फ्यूज

आई कपडे भिजवायच्या आधी बाबांच्या पँटचे खिसे उलटे करायची आणि वर्षातून दोन-तीनदा तरी त्यातून चिनीमातीचा पांढरा फ्यूज निघायचा. मग घरात बोंबाबोंब. "अहो, अख्खी कंपनी खिशात घालून आणलीत की काय?" बाबा तुर्भ्याच्या एका कंपनीत वायरमन होते. मशीन उघडायचं असलं की ते आधी तिचा फ्यूज उपसायचे आणि स्वतःच्या खिशात टाकायचे. फ्यूज यांच्या खिशात असेपर्यंत कुणी माईचा लाल ते मशीन चालू करू शकणार नाही, इतका सरळ हिशेब. काम झालं की परत लावायचा. एखाद्या दिवशी विसरायचे आणि मग चहा तसाच टाकून कोपरखैरण्याहून रिक्षाने परत तुर्भ्याला.

मग कंपनीत नवी पॅनल्स आली. त्यांत काढून खिशात घालण्यासारखं काही नव्हतं, नुसते खटके. खटका पाडायचा, त्याला कुलूप घालायचं आणि काम सुरू करण्याआधी परमिट नावाचा दोन पानी इंग्रजी कागद भरायचा. कुठून कुठून वीज तोडायची ते त्यात छापलेलं असे. ते वाचून खुणा करायच्या आणि खाली सही. ही सही करायचा हक्क हवा असेल तर मोबाईलवर एक परीक्षा द्यायची, तीही इंग्रजीत. नापास झालात तर वायरमनचे हेल्पर. सव्वीस वर्षं काम केलेल्या माणसाला हेल्पर! बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. जेवताना भात नुसता चिवडत बसायचे.

"मला शिकव की गं," एका संध्याकाळी ते म्हणाले.

मी तेव्हा बँकेच्या परीक्षांचा अभ्यास करत होते आणि माझं डोकं कायम तापलेलं असायचं. तरी बसले. त्यांच्या अभ्यासाच्या कागदांतून वीज बंद करण्याचे आठ शब्द काढले आणि वहीत एकाखाली एक लिहिले. आमच्या घरात सगळ्याला एकच शब्द होता: बंद कर. टीव्ही बंद कर, गॅस बंद कर, फार झालं तर तोंड बंद कर. इथे स्विच ऑफ वेगळं, टर्न ऑफ वेगळं, शट डाउन वेगळं, प्लग उपसला तर अनप्लग, वायर सोडवली तर डिस्कनेक्ट. सगळ्यात खाली आठवा शब्द होता, आयसोलेट.

बाबांनी मनावर घेतलं. चिठ्ठ्या लिहून घरभर चिकटवल्या. मिक्सरच्या प्लगवर अनप्लग, पंख्याच्या बटणावर स्विच ऑफ. आई म्हणाली, "मला चहा टाकायला परवानगी आहे का, की त्यालाही साहेबांची चिठ्ठी लागते?" आम्ही तिघंही हसलो. त्या आठवड्यात आम्ही हसलो ते तेवढंच.

कारण शब्द त्यांच्या डोक्यात टिकत नव्हते. अनप्लग आणि डिस्कनेक्ट रोज उलटसुलट व्हायचे. हाताने दाखवा म्हटलं की लगेच बरोबर दाखवायचे, पण कागदावर आलं की घाम फुटायचा. चौथ्या दिवशी मी वही आपटली. "बाबा, एखाद्या दगडाला शिकवलं असतं ना, तर एव्हाना तो बोलला असता!" हे मी माझ्या बापाला बोलले. त्यांनी वही उचलली, दुमडलेलं पान सरळ केलं आणि म्हणाले, "आठवा राहिलाय अजून."

"राहू दे आठवा," मी म्हटलं. "मोबाईल द्या इकडे. मीच देते तुमची परीक्षा."

"असं चालतं का?"

"सगळे असंच करतात."

कोण सगळे, मला काय माहीत! मला माझ्या अभ्यासाला बसायचं होतं, बस. ते समोर गुडघ्यांवर हात ठेवून बसले आणि मी टकाटक उत्तरं दाबत गेले. वीस मिनिटांत काम झालं. पडद्यावर हिरव्या अक्षरात पास आलं तेव्हा बाबांनी मोबाईल दोन्ही हातांत धरून ते कितीतरी वेळ पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांचे जोडीदार पेढे घेऊन आले. हे काका त्याच कंपनीत फिटर होते, मूळ घणसोली गावातले. मशीनची वीज बाबा तोडायचे आणि आत हात काका घालायचे, असं वर्षानुवर्षं चाललेलं. डबाही दोघांचा एकत्र. "तुजा बाप आता साहेब झाला गो!" काका म्हणाले. बाबा खाली मान घालून पेढा खात होते.

सात महिन्यांनी एका दुपारी पाकिटं सील करणारं मशीन अडलं. बाबांनी खटका पाडला, कुलूप घातलं, टेस्टर लावला. वीज नव्हती. परमिटवर नेहमीच्या जागी खुणा केल्या आणि मी शिकवलेली इंग्रजी सही केली. दुसऱ्या पानावर छापलं होतं की या मशीनला नवा हीटर बसवलाय, त्याची वीज दुसऱ्या पॅनलवरून येते, तीही तोडा. बाबांनी ते पान वाचलं नाही. वाचता येत नव्हतं तर वाचणार काय? काकांनी आत हात घातला.

दोन आठवड्यांनी डॉक्टरांनी त्यांचा उजवा हात कोपराखाली काढला.

अपघाताच्या दिवशी बाबा घरी आले ते बूट न काढताच खाली बसले. "दुसऱ्या पानावर होतं," एवढंच म्हणाले. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला वाटलं, उठून एक कानाखाली द्यावी त्यांनी. ते मला सोपं गेलं असतं.

चौकशीत त्यांना विचारलं, परमिट वाचता येतं का? बाबा म्हणाले, येतं. मग का वाचलं नाही? घाईत राहिलं. नाही म्हणाले असते तर पुढचा प्रश्न सरळ होता, परीक्षा कशी पास झालात? त्याच महिन्यात मी बँकेत रुजू होणार होते. बाबांची नोकरी गेली. "खरं का नाही सांगितलंत?" मी विचारलं. "तुझं नाव कशाला मध्ये?" ते म्हणाले आणि उठून सगळ्या चिठ्ठ्या नखाने खरवडून काढल्या. मिक्सरच्या प्लगवरची अर्धीच निघाली. ती अजून आहे.

मी रुजू झाले. पहिल्या पगाराचे पेढे कुणी खाल्ले नाहीत.

पावसाळा संपता संपता काका घरी आले. शर्टाची उजवी बाही वर टाचलेली. कंपनी त्यांना गेटवर बसवायला तयार होती, पण रजिस्टर इंग्रजीत लिहावं लागणार होतं. त्यांनी खिशातून घडी घातलेला एक कागद काढला. त्या दिवशीच्या परमिटची झेरॉक्स होती. "पोरी, मना इंग्लिश शिकव. ह्यो कागद मना माजा मी वाचाचा हाय."

बाबा उठून गॅलरीत गेले.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी काका यायचे. डाव्या हाताने लिहायचे. दुसरा हात नसल्यामुळे वही लिहिता लिहिता पुढे सरकायची, म्हणून मी समोर बसून ती दोन बोटांनी धरून ठेवायचे. ए ते झेड, मग आकडे, मग आवक-जावक, ट्रकचे नंबर. एकच अक्षर दहादा चुकायचं, पण मी एकदाही आवाज चढवला नाही. आई आतून बघायची. बाबा गॅलरीत आमच्याकडे पाठ करून पेपर वाचायचे. ते आणि काका एकमेकांशी "काय, बरं का?" एवढंच बोलायचे.

चार महिन्यांनी काकांनी परमिट उलगडलं. पहिलं पान त्यांनी बोट ठेवून ठेवून वाचलं. दुसऱ्या पानावर तिसऱ्या ओळीत अडले. "आय... सो... लेट," ते म्हणाले. "हीटर. पॅनल टू." मग मान वर केली. "आयसोलेट म्हंजे?"

"सगळीकडून वीज तोडायची," मी म्हटलं. "एका बाजूने नाही, जिथून जिथून येते तिथून."

त्यांनी त्या ओळीवरून परत एकदा बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, "ह्यो शब्द तुजे बापाला तू शिकवलावतास ना?"

गॅलरीत पेपराचं पान उलटायचा आवाज थांबला. परीक्षा मी दिली हे सांगायचं तर तेव्हाच सांगायचं होतं. नोकरी लागलेली, खुंटीला बँकेच्या ओळखपत्राची फीत, समोर टाचलेली बाही.

"हो," मी म्हणाले. "शिकवला होता."

"मंग त्यानी वाचला कसा नाय?"

बाबा वळले नाहीत. तिथूनच, पाठ तशीच ठेवून म्हणाले, "तिनं शिकवला होता. मीच विसरलो."

काकांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली, पेन्सिल उचलली आणि वही माझ्याकडे सरकवली. मी ती दोन बोटांनी धरली.