साहेब उठेपर्यंत

आमच्या शेजारच्या श्रीपतीने लोणावळ्याच्या एका चिक्कीच्या दुकानात उभी हयात काढली. त्याची मुलगी तेजल हॉटेल मॅनेजमेंट शिकायला हॉलंडला निघाली, तेव्हा बेगडेवाडी स्टेशनवर त्याने तिला एवढंच बजावलं, "मालक उटल्याबिगर आपन उटायचं न्हाई. ध्यानात ठिव."

पोरीने ते फारच ध्यानात ठेवलं. शिक्षणाचा भाग म्हणून तिला एका हॉटेलच्या बुकिंग ऑफिसात घेतलं होतं. काम पसंत पडलं, तर तिथेच नोकरी मिळणार होती. पाच वाजले की सगळे घरी जात. साहेबीण तेवढी मागे राही, कारण तिला मुलाला पोहण्याच्या क्लासहून न्यायचं असे. तोवर ती कॉम्प्युटरवर पत्ते खेळे. काम संपवून तेजलही बसून राही. हिला जमत नाही असं वाटून साहेबिणीने तिचं काम कमी केलं. आपल्यावर मर्जी राहिली नाही असं वाटून तेजल जास्तच बसू लागली.

मी फोनवर विचारलं, "अगं, ती जा म्हणत नाही का?"

"रोज म्हणते, आजी. पण असं म्हणायचंच असतं. आपण नाही का, पुरे म्हटलं तरी भात वाढत?"

मी कपाळावर हात मारला.

शेवटच्या दिवशी साहेबिणीने समोर बसवून सांगितलं, "मुलगी गुणी आहेस, पण काम वेळेत उरकत नाही." नोकरी दुसऱ्याच मुलीला मिळाली.

आता तेजल लोणावळ्याच्या हॉटेलात रिसेप्शनवर आहे, अजून कायम झालेली नाही. परवा ड्यूटी संपली, बदलीची मुलगी आली, तशी हिने पर्स उचलली. मॅनेजर खुर्चीतूनच म्हणाला, "जा, जा मॅडम. आम्ही मरतोय इथे!"

ही 'थँक यू सर' म्हणून सरळ लोकल पकडून घरी आली.

काल संध्याकाळी माझ्या दारात येऊन तिने पर्स कॉटवर आपटली. "कायम करायचं पुढे ढकललं, आजी. मॅनेजर सगळ्यांसमोर ओरडला, जा म्हटलं म्हणून लगेच जायचं असतं का!"

अंगणातून श्रीपती बोलला, "मी काय सांगितलं हुतं?"

"आप्पा, तुम्ही तर बोलूच नका!" ती इतक्या जोरात ओरडली की समोरच्या शालनने खिडकी उघडली.