पहिलं घर

“पहिलं घर सोडायचं. विणायचं नाही.”

हे सांगताना नाना उजव्या हाताची करंगळी वर करायचे. शाळेत पोरं बाहेर जायची परवानगी मागताना करतात ना, अगदी तशी. शेजारची मंगला एकदा म्हणालीही होती, “जा नाना, जाऊन या, आम्ही थांबतो.” नानांना ते कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर ते इतके हसले की सुईवरचे टाके निसटले.

घर म्हणजे टाका. हे आधीच सांगून टाकते, कारण ज्या दिवशी सांगायला हवं होतं त्या दिवशी मी सांगितलं नाही. आपण बायका विणताना टाके म्हणतो. नानांची बायको इंदूरकडची, ती हिंदीत ‘घर’ म्हणायची. नाना विणायला तिच्याकडून शिकले, म्हणून त्यांच्याही तोंडी घरच. प्रत्येक ओळीचं पहिलं घर न विणता नुसतं एका सुईवरून दुसरीवर सरकवलं की काठ वेणीसारखा सरळ उतरतो. त्यांच्या वाक्याचा अर्थ तेवढाच होता.

तेवढाच होता का, हे मला आजही धड सांगता येत नाही.

स्वेटर विणणारा पुरुष तुम्ही बहुधा पाहिला नसेल. आम्हीही पाहिला नव्हता. पिंप्राळ्यात तेव्हा नव्या कॉलन्या उठत होत्या, घरांना रंग लागायचा होता आणि कोण कुठला हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. नाना वरणगावच्या फॅक्टरीतून निवृत्त होऊन मुलाकडे राहायला आले होते. मूळचे धुळ्याकडचे. मराठी बोलता बोलता मध्येच अहिराणीत घुसायचे. पांढरा सदरा, पायजमा आणि काखेत कापडी पिशवी. पिशवीतून दोन सुया डोकावायच्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, छत्रीच्या काड्या दुरुस्त करणारा असेल.

त्यातून आमचं जळगाव. इथे थंडी येते ती पाहुण्यासारखी, चहा पिऊन निघून जाते. आणि हा माणूस भर मे महिन्यात तळहाताला पावडर चोपडून लोकर विणत बसायचा. घामाने लोकर सुईला चिकटू नये म्हणून पावडर. “नाना, उन्हाळ्यात कशाला?” विचारलं की म्हणायचे, “थंडीले काय तार करू का, थांब म्हनीसन?”

बायकोची बोटं संधिवाताने वाकडी झाली तेव्हा तिचं एक स्वेटर अर्धं राहिलं होतं. ती खाटेवरून सांगत गेली आणि हे विणत गेले. त्या स्वेटरचा गळा बंद करताना नानांनी टाके इतके आवळले की मुलाच्या डोक्यातून तो उतरेचना. कपाळापर्यंत आला आणि तिथेच बसला. “पोरगं दिवसभर टोपी घालीसन हिंडनं,” नाना सांगायचे. “तवा ती माले बोलनी, बंद करताना हात ढिला ठेव. माणसाचं डोकं मोठं राहतं.” बायको गेली. नाना विणत राहिले.

आमच्या ओट्यावर दुपारी तीन-चार बायका जमायच्या. नाना पायरीवर, आमच्यापासून जरा लांब, रस्त्याकडे तोंड करून बसायचे. कुणी पुरं झालेलं काम दाखवलं की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं. “उलट करी दखाड.” पुढची बाजू बघायचेच नाहीत. मागे गाठी दिसल्या, दोरे लोंबताना दिसले की मान हलवायचे. “पुढून वरात, मांगून मयत.” मग स्वतःच जाड सुई घेऊन दोऱ्याचं टोक मागच्या टाक्यांतून नागमोडी फिरवत लपवायचे. गाठ त्यांना खपत नसे. लहान लेकराच्या पाठीला ती टोचते, आणि लेकरू सांगू शकत नाही, असं त्यांचं म्हणणं.

मला मात्र जाळी शिकायची होती. नणंदेला दिवस गेले होते, तिच्या बाळासाठी जाळीच्या काठाची शाल करायला घेतली होती. जाळीतलं भोक म्हणजे दोरा पुढे घेऊन मुद्दाम पाडलेलं. पण भोक पाडलं की सुईवर एक घर वाढतं, म्हणून शेजारी एक कमी करावं लागतं. एक घर न विणता सोडायचं, पुढचं विणायचं, आणि सोडलेलं घर त्याच्यावरून ओलांडून टाकायचं. मला हे ओलांडणं जमत नसे. टाका सुईवरून निसटून खाली घरंगळेल अशी धास्ती वाटायची. नाना पायरीवरून ओरडायचे, “सोड! ओलांड! भिऊ नको!” रस्त्याने जाणारे सायकलवाले वळून बघायचे.

त्या दुपारी बाकीच्या बायका आल्या नव्हत्या. मंगलाकडे पाहुणे होते. ओट्यावर मी आणि पायरीवर नाना. सासूबाई आत खिडकीपाशी आडव्या झाल्या होत्या. मला वाटलं, झोपल्या आहेत.

मी डी.एड. झालेली. पहूरच्या शाळेत जागा होती, माझं नाव लागत होतं. पहूर माझ्या माहेराजवळ. घरात या विषयावर बोलणं झालं होतं आणि संपलंही होतं. “शिकवायची एवढी हौस असेल तर भांड्यांना शिकव, रोज घासतेच आहेस,” असं सासूबाई म्हणाल्या होत्या. हे हसले होते. हे हसले, त्याचं मला जास्त लागलं.

ते सगळं मी नानांना सांगितलं. का सांगितलं, माहीत नाही. पाठमोऱ्या माणसाला सांगणं सोपं जात असेल.

“माझं मन लागत नाही नाना. वाटतं, उठावं आणि चालू पडावं.”

नानांच्या सुया थांबल्या. मग वळले आणि म्हणाले,

“पहिलं घर सोड.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्या सुयांकडे बघत होते. निदान मला तसं वाटलं. चष्म्याच्या काचांवर ऊन पडलं होतं.

“सोड ना व माय. भिऊ नको. आते ओलांड.”

मी सोडलं आणि ओलांडलं. म्हणजे टाका. पण त्या क्षणी मी ओळीच्या सुरुवातीला होते की मध्ये, हे मला आठवत नाही. सुरुवातीला असेन, तर ते विणकाम सांगत होते. मध्ये असेन, तर पहिल्या घराचा प्रश्नच नव्हता आणि ते दुसरंच काही सांगत होते. एवढं एक आठवलं असतं तर इतकी वर्षं डोक्यात हा गुंता राहिला नसता. आणि दुसरंच काही असेल, तर पहिलं घर कोणतं? हे, सासरचं? की बाईचं पहिलं घर म्हणजे माहेर, ते मनातून सोड आणि इथे रुळ, असं? दोन्ही अर्थ बसतात. मी दोन्ही अनेकदा बसवून पाहिले आहेत.

खिडकीत बांगड्या वाजल्या.

संध्याकाळी हे कामावरून आले, तेव्हा बूट काढायच्या आत सासूबाईंनी सगळं सांगितलं. “तो म्हातारा हिला घर सोड म्हणतो. भिऊ नको म्हणतो. उंबरा ओलांड म्हणतो.” उंबरा हा शब्द त्यांनी स्वतःचा घातला होता. ह्यांनी मला विचारलं, “खरं आहे?”

आता तुम्ही म्हणाल, अगं, एवढंच सांगायचं, घर म्हणजे टाका. शाल आणून दाखवायची, दोन ओळी विणून दाखवायच्या, सगळे हसले असते. मलाही तसंच वाटतं. पण मग सासूबाईंनी विचारलं असतं, त्याच्या आधी तू काय बोलत होतीस? आणि ते तर खरंच होतं. घर सोडायचं मी बोलत होते. टाक्याबद्दल बोलत होतो म्हणाले असते तर ते अर्धं खोटं ठरलं असतं, आणि घराबद्दल म्हणाले असते तर कदाचित पूर्ण खोटं. मी काहीच म्हणाले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी नाना नेहमीसारखे पिशवी घेऊन आले. सासूबाई फाटकात उभ्याच होत्या.

“नाना, तुम्ही वडीलधारे. माझ्या सुनेला घर सोड म्हणालात की नाही, तेवढं सांगा.”

नानांनी त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी दारात होते. त्यांच्या चेहऱ्यावर आधी हसू येऊ घातलं होतं, अहो माय, ते तर विणकाम, असं म्हणायच्या बेताचं. ते बघत राहिले. माझ्या तोंडून काही निघतंय का, याची वाट पाहत असावेत. मी खाली फरशीकडे पाहिलं. पुन्हा वर पाहिलं तेव्हा ते हसू गेलेलं होतं.

“बोलनू,” ते म्हणाले. “घर सोड बोलनू मी.”

“आणि भिऊ नको म्हणालात?”

“तेबी बोलनू.”

“का? तिचं काय वाईट केलंय आम्ही?”

“तिनं काही इचारं नही. मीच बोलनू. तिले काही बोलू नका.”

आणि ते गेले. फाटक लावून, कडी घालून गेले. ती कडी जरा वर उचलून घालावी लागायची, ती त्यांनी तशीच नीट घातली.

त्यांनी ‘टाका’ म्हटलं असतं तरी पुरे होतं. का म्हटलं नाही? मला वाचवायला? की ते खरंच घराबद्दल बोलले होते आणि खोटं बोलणं त्यांना जमलं नाही? की मी मान खाली घातली तेव्हा त्यांना वाटलं, हिला हेच हवं आहे? मी शिक्षिका झाले, पोरांना एका शब्दाचे दोन अर्थ शिकवले, वाक्यात उपयोग करायला लावले. हे एक वाक्य मला सोडवता आलं नाही.

हे नानांच्या मुलाकडे जाऊन बोलून आले. मुलगा आधीच वैतागलेला. ऑफिसात लोक त्याला ‘स्वेटरवालीचा पोरगा’ म्हणायचे. थोड्याच दिवसांत त्याने नानांना धुळ्याला आपल्या बहिणीकडे पोचवलं. मंगला म्हणाली, रिक्षात बसताना नाना आमच्या घराकडे बघत होते. मग म्हणाली, नाही, बहुतेक रिक्षावाल्याशी बोलत होते. मी बाहेर आलेच नव्हते.

शालीचं म्हणाल तर ती पुरी झाली. नणंदेच्या सासरी सगळ्यांनी कौतुक केलं. कुणी उलटी करून पाहिली नाही.

पुढे ह्यांची कंपनी बंद पडली, आणि सासूबाईंनीच माझा डबा भरून मला पहूरच्या एस.टी.त बसवलं. सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं. कुणाला कुठलंच घर सोडावं लागलं नाही. “आमची सून मास्तरीण आहे,” सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. मी त्यांचं सगळं शेवटपर्यंत केलं. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांनी जे ऐकलं तेच सांगितलं, उंबरा तेवढा सोडून.

काही वर्षांनी शाळेतल्या एका बाईंच्या मुलीचं लग्न धुळ्यात होतं. मंगलाकडून पत्ता घेऊन मी नानांच्या मुलीकडे गेले. तिने दार उघडलं. तिच्या मागे भिंतीवर नानांचा फोटो होता आणि फोटोला हार. आदल्या हिवाळ्यात गेले, म्हणाली. त्रास काही झाला नाही.

ती मनमोकळी बाई. नाना पोरांना शाळेत सोडायचे, भाजी निवडून द्यायचे, असं सांगत होती. मी विचारलं, “आणि विणकाम?”

“छे. सुया आणल्याच नाहीत त्यांनी तिकडून. मी नव्या आणून दिल्या तर म्हणाले, आता दिसत नाही मला.” तिने कोपऱ्यातल्या मशीनकडे बोट दाखवलं. “पण माझ्या शिलाईच्या मशीनची सुई तेच ओवून द्यायचे हो. शेवटपर्यंत. एका झटक्यात. मला नाही जमत तसं.”

मी चष्मा काढून पुसला.

“तुमच्याच ओट्यावर बसायचे ना ते?” तिने विचारलं. “तिकडे काही झालं होतं का? ते कधी बोलले नाहीत. भाऊही बोलत नाही.”

मी तिला सगळं सांगितलं. आता इथे सांगितलं तसंच, काही न वगळता. ‘पहिलं घर सोड’पर्यंत आले तशी ती हसायलाच लागली. डोळ्यांना पदर लावून हसली. “अहो, आई दिवसभर तेच म्हणायची त्यांना! खाटेवरून ओरडायची, पहला घर छोडो, पहला घर छोडो. शेजारचे म्हणायचे, तुझी आई बाबांना घराबाहेर काढते की काय!”

मीही हसले. हसता हसता मग फाटकातलं सांगितलं. नाना माझ्याकडे बघत राहिले, ते सांगितलं.

तिचं हसू हळूहळू उतरलं.

“मग तुम्ही का नाही बोललात?” तिने विचारलं. रागाने नाही. खरंच कळत नाही म्हणून विचारावं, तसं.

उत्तराची तिने वाट पाहिली नाही. “चहा ठेवते,” म्हणाली आणि आत गेली.

मी खुर्चीत बसून राहिले. आत भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. त्यानंतर स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज यायला हवा होता. तो आला नाही; ती आत नुसतीच उभी असावी. उठून निघावं की बसावं, मला कळेना. दार उघडंच होतं.