पावतीवरचा नंबर

सौदीतल्या खोबर शहरातल्या बायकांच्या जिममध्ये परवान्यांची सगळी कामं मी बघते. मालकीणबाई म्हणतात, "तुझ्या यादीत नाही ते जगात नाही." मला ते खरंच वाटतं.

आमच्याकडे शिकवणारी साताऱ्याची एक मुलगी पहिल्यांदाच व्यावसायिक मुष्टियुद्धात उतरणार होती. परवान्यासाठीच्या माझ्या यादीत नऊ गोष्टी: मेडिकल, फोटो, करार, इकाम्याची, म्हणजे इथल्या रहिवासी ओळखपत्राची प्रत, वगैरे. फी भरणं सातव्या क्रमांकावर. मी आठवडाभर आधीच बँकेच्या ॲपवरून फी भरली, पावती छापली, फाईलला लावली आणि सातव्यावर बरोबरची खूण केली.

लढतीच्या आदल्या दिवशी वजन. नोंदणीचं टेबल दोन वाजता बंद होणार होतं, आम्ही दीडला पोचलो. वजन उतरवायला तिनं आदल्या संध्याकाळपासून पाणी घेतलं नव्हतं. ओठ पांढरे पडले होते, बोलतानाही थुंकी वाचवत होती.

टेबलावरच्या सौदी बाईंनी स्क्रीन बघितली. "फी जमा नाही. फीशिवाय परवाना नाही, परवान्याशिवाय वजन नाही."

"जमा आहे," मी म्हटलं आणि पावती पुढे केली. माझ्या फाईलमध्ये चूक नसते, हेही सांगितलं.

त्यांनी पावतीवरच्या इकामा नंबरवर बोट ठेवलं. "हा कोणाचा?"

माझा. अकरा वर्षं घरातली प्रत्येक सरकारी फी मीच भरते. ॲप उघडलं की बोटं तोच नंबर टाकतात, कागद बघायला लागत नाही. याचा मला अभिमान होता.

बाई माझ्या पोटाकडे बघून गंभीरपणे म्हणाल्या, "मग उद्या तुम्ही लढणार? कुठल्या वजनगटात?"

साताऱ्याची मुलगी भिंतीला टेकून म्हणाली, "काकी, उतरा तुम्हीच. मी टॉवेल धरते."

मी तिथंच दुसऱ्यांदा फी भरली, माझ्या पैशातून. या वेळी एकेक आकडा तिच्या इकाम्यावर बोट ठेवून टाकला, आणि पैसे पाठवण्याआधी तिच्याकडून मोठ्यानं वाचून घेतला. तिला बोलायला लावायचं जिवावर आलं, पण दुसरा इलाज नव्हता. भरलेली फी त्यांच्या स्क्रीनवर दिसायला वेळ लागतो. पावणेदोन झाले. मग दोनला दहा कमी. मी पहिल्या फीच्या परताव्याचा अर्ज लिहीत बसले. नुसतं बसून काय करणार?

दोनला चार मिनिटं असताना बाई म्हणाल्या, "आली. यल्ला, चला काट्यावर."

ती चढली. मर्यादेपेक्षा दोनशे ग्रॅम कमी. खाली उतरल्या उतरल्या तिनं हात पुढे केला.

यादीत नववं होतं: वजनानंतर पाणी, दोन बाटल्या. मी पिशवीतून दोन्ही काढल्या. पहिली तिनं उभ्यानंच संपवली.