बाबांची स्टडी बंद झाली तेव्हा

उरलेल्या गोळ्या परत करायला बाबा इस्त्रीचा शर्ट घालून निघाले होते. मी म्हटलं, "बाबा, डबीच तर द्यायचीय. मी एकटी देऊन येते." तर म्हणाले, "नाय गो. आपण घेतलेली वस्तू आपल्या हाताने परत करूची." मालवण सोडून त्यांना पन्नास वर्षं होत आली, पण घरात बोलताना, आणि विशेषतः मनातून हललेले असले की, तीच बोली तोंडात येते. त्या दिवशी ते फार हलले होते. मी मात्र नुसती संतापले होते, आणि तो संताप आजही गेलेला नाही.

त्याआधी वर्षभर बाबा हृदयविकाराच्या एका नव्या औषधाच्या चाचणीत होते. चाचणी हा माझा शब्द. दवाखान्यात सगळे तिला 'स्टडी' म्हणत, म्हणून बाबाही स्टडीच म्हणायचे. सोसायटीच्या कट्ट्यावर ऐटीत सांगायचे, "उद्या मी नाही रे, माझी स्टडी आहे."

बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. संपानंतर गिरणी गेली, मग मुलुंडच्या एका लहान कारखान्यात त्यांनी निवृत्त होईपर्यंत पॅकिंग सांभाळलं. आई गेल्यावर ते माझ्याकडे मुलुंड पूर्वेला राहायला आले. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, बिल्डिंगला लिफ्ट नाही. एका पावसाळ्यात त्यांना दुसऱ्या मजल्यावरच थांबून कठडा धरावा लागू लागला. पाय सुजले, चपलांचे पट्टे रुतायला लागले. आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून उशीवर उशी रचून जवळजवळ बसूनच झोपायचे. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं की शिरा साफ आहेत, पण हृदयाचा स्नायूच सैल पडलाय. हृदय मोठं झालंय आणि पंपिंग खूप कमी आहे. कशामुळे झालं, तर नक्की सांगता येत नाही. औषधं आयुष्यभर.

नेहमीची औषधं सुरू झाली, पण बाबा काही सावरेनात. तेव्हा पश्चिम उपनगरातल्या एका मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी स्टडीबद्दल विचारलं. समजावून सांगितलं, अगदी नीट. चालू औषधं बंद होणार नाहीत, त्यांच्या जोडीला एक गोळी मिळेल. निम्म्या रुग्णांना खरं औषध, निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कोणाला कोणती, हे रुग्णाला कळणार नाही आणि डॉक्टरांनाही नाही.

मी नववीला विज्ञान शिकवते. घरी येऊन बाबांना कुंड्यांचं उदाहरण दिलं. एका कुंडीला खत घालायचं, दुसरीला नाही, तरच खताचा गुण कळतो. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे मी कुंडी." मग जरा थांबून, "चलात. कोणाच्या तरी कामाक येतलंय."

संमती देताना व्हिडिओ काढतात. बाबांनी भांग पाडला, खुर्चीत ताठ बसले आणि कॅमेऱ्यासमोर एकच प्रश्न विचारला, "डॉक्टर, तुमचा काम झाल्यावर आमचा काय?" डॉक्टर हसले. म्हणाले, "काका, आम्ही कुठे जातोय? आम्ही आहोतच की."

स्टडीची सगळी व्यवस्था एक तरुण मुलगी बघायची. शिकलेली नर्स, डोंबिवलीहून यायची, आवाज खणखणीत. ती बाबांना फोन करायची. रोज नाही, पण इतक्या नियमाने की फोनच्या वेळेला बाबा दाढी करून बसलेले असायचे. वजन किती? पायात चप्पल बसते का? रात्री उशा किती घेतल्या? पाणी मोजून पिताय ना? बाबांना खोटं बोलता यायचं नाही, कारण ती आवाजावरून ओळखायची.

एकदा गणपती विसर्जनानंतर बाबांनी माझ्या अपरोक्ष सुके बांगडे भाजून खाल्ले. दोन दिवसांत वजन चढलं. तिने फोनवरच पकडलं, "काका, खारं काय खाल्लंत?" बाबांनी पावसाची गोष्ट काढली. "काका?" "बांगडो," बाबा म्हणाले. तिने डॉक्टरांना विचारून त्याच दिवशी लघवीची गोळी वाढवली, पुढचे दोन दिवस पुन्हा फोन केले, आणि फुफ्फुसात पाणी भरण्याआधीच प्रकरण निभावलं. तपासणीला न्यायला गाडी यायची. लांबलचक कॉरिडॉरमध्ये ती बाबांना चालायला लावायची आणि स्वतः घड्याळ घेऊन बाजूने चालायची. "काका, शर्यत नाहीये," असं म्हणायची, आणि बाबा दर वेळी आदल्या वेळेपेक्षा पुढे जायला बघायचे.

आणि बाबा सुधारले. हे मी मनाचं सांगत नाही, जिन्याने सांगितलं. एका रविवारी ते मासळीबाजारातून पिशवी घेऊन न थांबता वर आले आणि दारात उभे राहून माझ्या नवऱ्याला म्हणाले, "जावईबापू, तुम्ही धापा टाकतास, मी नाय." आम्ही सगळे हसलो. बाबा आंघोळ करून देवाला हात जोडायचे आणि मगच ती गोळी घ्यायचे. "परदेशी आसा," असं पाहुण्यांना सांगायचे.

मग एक दिवस त्या मुलीचा फोन आला, बाबांना नाही, मला. "मॅडम, स्टडी क्लोज झाली. काकांच्या उरलेल्या गोळ्या घेऊन या."

त्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीत मी विचारलं, "गोळीने कोणाला अपाय झालाय का?"

"नाही, नाही. तसं काही नाही."

"मग गुण येत नाहीये?"

"ते अजून कळायचंय. औषध कंपनीने थांबवलंय. त्यांचे अग्रक्रम बदलले. जगभर थांबवलंय, फक्त इथे नाही."

"आणि माझ्या बाबांचं काय?"

"नेहमीची औषधं चालूच राहतील. ओपीडीत दाखवत जा."

मी त्यांना व्हिडिओतलं त्यांचं वाक्य ऐकवलं. आम्ही कुठे जातोय, आम्ही आहोतच की. त्यांनी नजर टाळली नाही, हे कबूल करते. "मी आहेच," ते म्हणाले, "पण स्टडीचा स्टाफ कंपनीच्या जिवावर असतो." ती मुलगी बाजूला उभी होती. तिची बदली मधुमेहाच्या दुसऱ्या स्टडीवर झाली होती. बाबांनी तिच्या हातात डबी दिली आणि डोक्यावर हात ठेवला. बाहेर येऊन बाकावर बसले आणि म्हणाले, "गिरणीक पण असोच एके दिवशी टाळो दिसलो. कोणी सांगूक नाय, पुसूक नाय." गिरणीबद्दल इतक्या कडवटपणे बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

त्यानंतरची ओपीडी म्हणजे रांग आणि दर वेळी नवा डॉक्टर. त्या पोरांना दोष देत नाही, त्यांच्यासमोर माणसांचा समुद्र असतो. "कसं वाटतंय, आजोबा?" "बरा आसा." झालं, पुढचा. बाबांची पिढी डॉक्टरांना बरं नाही असं सांगायला लाजते, हे त्या मुलीला माहीत होतं. वजनकाटा आमच्याही घरात होता, मीही विचारायचे. पण स्वतःच्या लेकीला काय, "ठीक हा" म्हणून उडवून लावता येतं. फोनच्या वेळेला दाढी करून बसायचं त्यांनी कितीतरी दिवस सोडलं नाही. फोन काही आला नाही. पुढे दाढी करणंही राहिलं. दिवाळीत फराळ झाला, पाय सुजले, आणि भाऊबीजेच्या दुपारी ओठ निळे पडलेल्या बाबांना आम्ही खुर्चीत बसवून तीन जिने खाली उतरवलं. फुफ्फुसात पाणी भरलं होतं. आयसीयूत तोंडावर मास्क लावलेल्या त्यांनी मला खुणेने विचारलं, ती परदेशी गोळी मिळेल का?

माझ्या संयमाचा बांध फुटला. रुग्णालयात एक समिती असते. संशोधनात रुग्णांवर अन्याय होऊ नये हे बघणं तिचं काम. मी तिच्याकडे लेखी तक्रार केली, आणि बोलावणं येईपर्यंत पिच्छा सोडला नाही. थंडगार खोलीत लांब टेबलापलीकडे बसलेल्या सभ्य माणसांना मी म्हटलं, "ज्या गोळीने माझे बाबा उभे राहिले ती तुम्ही काढून घेतलीत. ती परत द्या." त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, औषधाला मान्यता नाही, गुण सिद्ध झालेला नाही, कंपनीला विचारून बघू. नवरा म्हणाला, "कशाला डोकं फोडून घेतेस? मोठी कंपनी आहे ती." मी त्याच्यावरही चिडले.

काही महिन्यांनी स्टडीच्या डॉक्टरांनी मला बोलावलं. बाबा तोवर घरी आले होते, पण खाटेवरून खिडकीपर्यंतच. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, कोणाला कोणती गोळी होती ते कोड आता उघडलेत. तुमचे वडील औषध नसलेल्या गोळीवर होते."

मला आधी कळलंच नाही.

"म्हणजे," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात चक्क सुटका होती, "तुमचं काहीच गेलं नाही."

काहीच गेलं नाही! टेबलावरचा पेपरवेट उचलून भिंतीवर मारावासा वाटला. मी विचारलं, "मग ते सुधारले कशाने?"

"स्टडीत असं होतं. फॉलोअप चांगला असतो ना. वजनावर लक्ष, औषधं वेळेवर कमीजास्त करणं, मिठाचं सांगणं, फोन. नुसत्या त्यानेसुद्धा पेशंट खूप सुधारतात."

"हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"सगळ्यांनाच माहीत आहे, मॅडम. पुस्तकात आहे."

"पुस्तकात आहे, तर बाहेरच्या रांगेतल्या माणसांना का देत नाही?"

ते थकल्यासारखे हसले. "कोण देणार? माणसं कुठायत?"

इतके महिने मी एका गोळीसाठी भांडत होते आणि ती खडूची भुकटी निघाली. जे खरं औषध होतं ते या इमारतीत कायम उपलब्ध होतं. ते कोणत्या परदेशी कारखान्यात बनत नव्हतं, त्याला कोणाच्या मान्यतेची गरज नव्हती. पण ते माझ्या बाबांना मिळालं, कारण तेवढ्या काळापुरते ते आजारी माणूस नव्हते, कोणाच्या तरी प्रयोगातली कुंडी होते. कुंडीला पाणी कोणी चुकवत नाही. प्रयोग संपला, ते पुन्हा माणूस झाले, आणि आम्ही रांगेत गेलो. माझा संशोधनाला विरोध नाही. बाबांसारख्या लोकांच्या भरवशावर उद्याची औषधं येतात, हे मी वर्गात शिकवते. पण त्या दिवशी त्या खोलीत मला लाज वाटली, आणि ती माझी एकटीची का असावी, हे मला अजून कळलेलं नाही.

बाबांना सांगितलं तेव्हा ते आधी खूप दुखावले. "माका फसवल्यानी?" मी पुन्हा समजावलं की फसवलं नाही, आपल्याला सांगितलं होतं. तरी ते दोन दिवस कट्ट्यावरच्या मित्रांचे फोन घेईनात. परदेशी गोळीची इतकी फुशारकी मारली होती. तिसऱ्या दिवशी चहा पिताना आपणहून म्हणाले, "म्हंजे त्या नर्स चेडवाचो फोन, ताच माझा औषद होता."

मी पुन्हा समितीकडे गेले. या वेळी म्हटलं, "गोळी नको. एक नर्स आणि एक फोन द्या. सगळ्यांना द्या." कॉरिडॉरमध्ये ओळख झालेल्या एका बाईंना सोबत नेलं होतं. घाटकोपरच्या, त्यांचा नवराही त्याच स्टडीत होता, आणि स्टडी बंद झाल्यावर दोन महिन्यांत गेला होता. मी तावातावाने बोलत होते. त्या एवढंच म्हणाल्या, "माझ्या माणसाला निदान कोणीतरी विचारायला हवं होतं."

आता रुग्णालयात जिन्याजवळच्या एका खोलीत हृदयाच्या रुग्णांसाठी एक नर्स बसते. वजन घेते, फोन करते, बाबांना बांगड्यावरून बोलते. त्यासाठी स्टडीचे डॉक्टरच वर भांडले, असं ऐकलं, आणि ते मी मानते. बाबा पुन्हा घरातल्या घरात हिंडू लागले. पण बाजार सुटला तो सुटलाच. त्या मधल्या महिन्यांत जे खचलं ते भरून आलं नाही. मोठ्या तपासणीला नेताना आजही खुर्चीत बसवूनच उतरवावं लागतं. आणि नर्स रजेवर गेली की खोलीला कुलूप असतं, फोन वाजून वाजून थांबतो.

मध्यंतरी रुग्णालयाच्या पत्रिकेसाठी त्यांना या खोलीचा फोटो हवा होता, आत बाबा आणि नर्स. मी नकोच म्हणणार होते. बाबा म्हणाले, "काढा, काढा. पण ही रजेर गेली की बसाक दुसरी कोण तरी ठेवा." फोटो काढणारा मान डोलावून म्हणाला, "हो आजोबा, सांगतो वर." फोटो छापून आला, छान आलाय, बाबा हसतायत. दुसरी नर्स अजून आलेली नाही.